खालच्या पट्ट्यातील आवाज

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅन्सस हे राज्य म्हणजे गव्हाच्या शेतांचा अफाट सपाट मुलूख. तेथील एखाद्या लहान गावी, जून महिन्यातील सकाळी, कोणी गृहस्थ आपल्या मेजावर एक छोटेसे ग्राहकयंत्र लावून बसला आहे, अशी कल्पना करावी. हे यंत्र गाणी वा बातम्या ऐकविण्याचे नव्हे. त्याच्या दर्शनी काचेवर आकडे भराभर पळत असतात आणि ध्वनिवर्धकातून चकार शब्द निघत नाही. तास-दीड तास असाच जातो. मग एकाएकी आकडे थांबतात व खोलीत एक माणूस बोलू लागतो. हमरस्त्यावर एक मालमोटार आडवी झाली आहे, रस्त्याची एक बाजू बंद पडली आहे, मदतीस दुसरी गाडी पाठवावी, अशी ती वर्दी असते. आवाज इतका स्वच्छ की, बोलणारा शेजारच्या गल्लीत उभा असावा. पण ज्या रस्त्याचे तो नाव घेतो तो रस्ता कॅन्ससमध्ये नाही. तो आहे सुमारे दोन हजार किलोमीटरांवरील कॅलिफोर्नियात. पाच-सात मिनिटे हे बोलणे ऐकू येते, मग ते क्षीण होते, पुन्हा वर येते आणि अखेर नाहीसे होते. आकडे पुन्हा पळू लागतात.

या प्रसंगात विचार करण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, गस्तीच्या मोटारीतील साध्या यंत्रातून निघालेला आवाज दोन हजार किलोमीटर गेला कसा? दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो गस्तवाला कॅन्ससमधील गृहस्थाशी बोलतच नव्हता. त्याला बोलावयाचे होते ते तीस-चाळीस किलोमीटरांवरील आपल्या ठाण्याशी. ते बोलणे ठाण्याला नीट पोचले की नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, आणि ते ज्यात दडले आहे त्या लहरींच्या प्रदेशास तिकडे ‘लो बँड’ म्हणजे खालचा पट्टा म्हणतात.

बिनतारी लहर एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते ती तिची कंप्रता. दहा लक्ष कंपांचा एक मेगाहर्ट्झ होतो. घरोघरी ऐकला जाणारा एफ.एम. रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या मर्यादेत चालतो. ३० पासून ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सर्व लहरींना मिळून व्ही.एच.एफ. असे नाव आहे, आणि तिच्या अगदी तळाशी, ३० ते ५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, हा खालचा पट्टा येतो. त्याच्या खाली लघुलहरींचा प्रदेश. लघुलहरी आकाशातून परतून खंडे ओलांडतात, हे जुन्या रेडिओभक्तांना ठाऊक आहे. व्ही.एच.एफ. लहरी मात्र बहुधा नजरेच्या टप्प्यापलीकडे फारशा जात नाहीत. खालचा पट्टा या दोन राज्यांच्या वेशीवर वसला आहे. वेशीवरच्या गावाला दोन्हीकडच्या चालीरीती असतात, तसेच याचेही आहे. एरवी तो व्ही.एच.एफ.च्या शिस्तीने वागतो. पण कधीमधी त्याला लघुलहरींसारखे भटकण्याची लहर येते.

या पट्ट्यात माणसे बोलू लागली ती गरजेपोटी. १९२८ साली डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनी गस्तीच्या मोटारींना बिनतारी हुकूम देण्यास आरंभ केला; पण ती व्यवस्था एकतर्फी होती. मोटारीला ऐकू येई, उत्तर देता येत नसे. १९३३ साली न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या गावच्या पोलिसांनी तीस मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर दुतर्फी संभाषण सुरू केले. तरी एक अडचण राहिली. त्या वेळच्या यंत्रांत आवाजानुसार लहरीची उंची कमीजास्त होत असे, आणि मोटारीच्या इंजिनातील ठिणग्यांचा खडखडाट नेमका त्याच वाटेने आत शिरे. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकाने यावर तोड काढली. लहरीची उंची कायम ठेवून तिची कंप्रताच आवाजाबरोबर हलवावयाची, ही त्याची युक्ती. तिचे पेटंट त्याला १९३३ साली मिळाले. आज जगभर एफ.एम. म्हणून जी ओळखली जाते ती हीच पद्धत. १९४० साली डॅनियल नोबल या प्राध्यापकाच्या योजनेप्रमाणे कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी ती आपल्या मोटारींत बसविली, आणि एका संपूर्ण राज्यास पुरेल अशी पहिली दुतर्फी एफ.एम. यंत्रणा खालच्या पट्ट्यात उभी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पट्ट्यात गर्दी झाली. ३३ व ४६ मेगाहर्ट्झच्या आसपास अग्निशामक दले, ४२ च्या आसपास राज्यांचे पोलीस, ४७ च्या आसपास रस्ते दुरुस्त करणारी खाती अशी वस्ती तेथे झाली. ४७.४२ मेगाहर्ट्झ ही जागा अमेरिकन रेडक्रॉसच्या संकटकालीन कामासाठी राहिली. मधले काही तुकडे लष्कराकडे व केंद्र सरकारकडे गेले. शाळेच्या बसगाड्या, वीज कंपन्या, सिमेंट-काँक्रीट वाहणाऱ्या मोटारी, सारेच येथे बोलू लागले. कॅलिफोर्नियाच्या हमरस्ता-गस्तीने तर या पट्ट्याचा अनेक दशके मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. याचे कारण उघड आहे. लहर जितकी लांब तितकी ती टेकडीच्या कडेवरून अधिक वाकते व झाडीतून कमी अडखळत जाते. उंचसखल, विरळ वस्तीच्या मुलखात थोड्या ठाण्यांवर पुष्कळ प्रदेश सांभाळावयाचा असेल, तर खालच्या पट्ट्यासारखा सोबती नाही.

असल्या संभाषणांवर कान ठेवणाऱ्या यंत्राला ‘स्कॅनर’ म्हणतात. साध्या रेडिओवर एक स्थानक लावले की ते अखंड बोलत असते. येथे तसे नाही. पोलीस वा अग्निशामक यांचे बोलणे दहा-वीस सेकंदांत संपते, मग तासभर शांतता. एकाच जागी कान लावून बसणारा हयातभर बसला तरी त्याच्या पदरात फार थोडे पडेल. म्हणून स्कॅनर जागोजाग फिरतो. पहिल्या स्थानी लहर आहे काय, नाही. दुसऱ्या स्थानी, नाही. तिसऱ्या स्थानी आहे, तर थांबावे. रात्री आळीतील दारांच्या कड्या हलवून पाहणाऱ्या पहारेकऱ्यासारखे त्याचे काम असते. आरंभीच्या स्कॅनरांत प्रत्येक स्थानासाठी वेगळा स्फटिक विकत आणून बसवावा लागे. पुढील यंत्रांत आकडे दाबून शेकडो स्थाने स्मरणात ठेवता येऊ लागली, आणि ठराविक मर्यादेतील प्रत्येक पायरी चढत नवी स्थाने शोधण्याची सोयही झाली. अमेरिकेत या पट्ट्यातील दोन स्थानांमध्ये २० किलोहर्ट्झचे अंतर धरलेले आहे. म्हणजे ३० पासून ५० मेगाहर्ट्झपर्यंत जेमतेम एक हजार पायऱ्या झाल्या. सेकंदाला पन्नास पायऱ्या तपासणारे यंत्र वीस सेकंदांत सारी फेरी पुरी करते.

यंत्रावर एक कळ असते, तिचे नाव ‘स्क्वेल्च’. लहर नसताना एफ.एम. यंत्रातून जो फुसफुसाट येतो त्याचे तोंड ती बंद करते. नवशिका माणूस कंटाळून ही कळ फार घट्ट फिरवितो आणि नंतर काहीच ऐकू येत नाही म्हणून यंत्राला दोष देतो. फुसफुसाट जेथे नुकताच थांबतो तेथून केसभर पुढे ती ठेवावी. दूरची क्षीण लहर त्या केसभर फटीतूनच आत येत असते.

यंत्रापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे एरियल. तीनशे या संख्येस मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ४६० मेगाहर्ट्झची लहर ६५ सेंटिमीटर भरते. तिच्या चतुर्थांशाएवढी, वीतभर लांबीची काडी तिला पुरते. ४० मेगाहर्ट्झची लहर मात्र साडेसात मीटर भरते आणि तिचा चतुर्थांश जवळजवळ १.९ मीटर, म्हणजे उंच्यापुऱ्या माणसाहूनही थोडा अधिक. हाती धरण्याच्या स्कॅनरला जे रबरी शेपूट लावून देतात ते या पट्ट्यापुढे वाटीने हौद भरण्याचा प्रकार आहे. पूर्वी अमेरिकेतील गस्तीच्या मोटारींच्या मागील भागावर जी उंच लवचिक काठी डुलत असे, ती याच हिशेबाने बसविलेली होती. घरी ऐकणाऱ्याने दोन तारा, प्रत्येकी सुमारे १.८ मीटरांची, एक वर व एक खाली अशा उभ्या टांगून मध्यावरून जोडतार यंत्रापर्यंत आणली, तरी त्याचे काम होते. तारा उभ्याच हव्यात. कारण मोटारीवरची काठी उभी असते आणि तिची लहरही उभीच निघते.

एरियल चांगले झाले की दुसरा शत्रू पुढे येतो. तो घरातच राहतो. विजेचे बारीक दिवे, मोबाइल भारित करणारी चौकोनी उपकरणे, संगणकाचे वीजपुरवठे या सर्वांतून एक प्रकारचा बिनतारी कचरा बाहेर पडत असतो, आणि कंप्रता जितकी खाली तितका हा कचरा दाट. त्याची परीक्षा सोपी आहे. यंत्र विजेरीवर चालवावे व घरातील एकेक उपकरण बंद करीत जावे. पुष्कळदा अपराधी म्हणून एखादा दहा-वीस रुपयांच्या सुट्या भागांतून बनविलेला दिवाच सापडतो. एरियल भिंतीपासून दूर, उघड्यावर नेले की निम्मे काम झाले म्हणून समजावे.

आता त्या दोन हजार किलोमीटरांच्या प्रवासाकडे वळावयास हरकत नाही. पृथ्वीपासून सुमारे ९० ते १२० किलोमीटर उंचीवर हवा अतिशय विरळ आहे व सूर्याच्या किरणांनी तिचे कण विद्युद्भारित झालेले आहेत. हा भाग आयनांबरात मोडतो. त्याच्या अभ्यासात हिंदुस्थानाचाही वाटा आहे. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरील ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि तो जगभर प्रमाण मानला गेला. सामान्यतः हे आयनांबर तीस मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना अडवीत नाही. त्या आरपार निघून जातात. पण उन्हाळ्यात कधी कधी या उंचीवर भारित कणांचे पातळ, दाट पापुद्रे जमतात. वरच्या थरातील वाऱ्यांच्या विरुद्ध दिशांमुळे, उल्कांच्या राखेतून आलेले धातूंचे कण एका पातळीत दाबले जातात आणि हा पापुद्रा तयार होतो. त्याचा नेम नसतो, म्हणून त्याला ‘स्पोरॅडिक ई’ म्हणजे तुरळक ई-थर असे नाव पडले. उत्तर गोलार्धात मे ते ऑगस्ट हा त्याचा मुख्य हंगाम. दिवसातून दुपारपूर्वी व पुन्हा संध्याकाळच्या सुमारास तो अधिक आढळतो.

तळ्यावर उभे राहून चपटा खडा सरळ खाली टाकला तर तो बुडतो. तोच तिरपा भिरकावला तर पाण्याला टप्पा देऊन पलीकडे जातो. लहरीचे तसेच आहे. सरळ वर गेलेली लहर पापुद्र्यातून निसटते. क्षितिजालगत तिरपी गेलेली लहर त्यावर टप्पा घेऊन पृथ्वीवर परत येते. असा एक टप्पा सुमारे दोन हजार किलोमीटरांचा, क्वचित थोडा अधिक होतो. मधल्या प्रदेशावरून लहर डोक्यावरून निघून जाते, आणि तेथील माणसाला काहीच ऐकू येत नाही. ठाण्यापासून तीनशे किलोमीटरांवरचा माणूस बहिरा आणि दोन हजार किलोमीटरांवरचा सुश्राव्य, हे कोडे असे सुटते.

दुसरा मार्ग अधिक उंचावरून जातो. २५० ते ४०० किलोमीटरांच्या उंचीवरील एफ-थर सूर्यावरील डागांच्या वाढीबरोबर दाट होतो. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात व ओसरतात. ते भरात असतील त्या काळातील हिवाळ्यात, दिवसाउजेडी, खालचा पट्टा महासागर ओलांडू लागतो. १९३८ साली, अशाच भराच्या काळात, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून ४५ मेगाहर्ट्झवर दाखविली जाणारी बी.बी.सी.ची दूरचित्रे न्यूयॉर्ककडील अभियंत्यांना आपल्या पडद्यावर दिसली, आणि त्यांनी ती चित्रफितीवर उतरवून घेतली. युद्धापूर्वीच्या त्या दूरचित्रांचा तो एक दुर्मीळ अवशेष होऊन बसला आहे. सूर्यडागांचा अलीकडील भर २०२४ च्या सुमारास आला, आणि त्या हिवाळ्यांत या पट्ट्यातील श्रोत्यांनी आपल्या वह्यांची पाने भरली.

तिसरा मार्ग सर्वांत चमत्कारिक. वातावरणात शिरून जळणारी प्रत्येक लहानशी उल्का आपल्या मागे भारित कणांची रेघ सोडते. ती सेकंदभरही टिकत नाही, परंतु तेवढ्यात लहर तिच्यावर आपटून परत येऊ शकते. स्कॅनरच्या श्रोत्याला एखाद्या अनोळखी वाक्यातील अर्धाच शब्द मोठ्याने ऐकू येतो व पुन्हा शांतता पसरते, ती बहुधा या रेघेची करामत असते. ही केवळ गंमत नव्हे. अमेरिकेच्या शेतकी खात्याने पश्चिमेकडील डोंगरांवर बर्फ मोजणारी शेकडो स्वयंचलित केंद्रे १९७० नंतरच्या दशकात उभारण्यास आरंभ केला. जेथे तार नाही, माणूस नाही, अशा ठिकाणाहून बर्फाचे आकडे बोइझी व ऑग्डेन येथील मुख्य स्थानकांकडे याच पट्ट्यातून, ४० मेगाहर्ट्झच्या आसपास, उल्कांच्या रेघांवरून पाठविले जात. पुढे ते काम उपग्रह व मोबाइल यांच्याकडे गेले. पण येत्या उन्हाळ्यात नदीला पाणी किती येईल याचा अंदाज कित्येक वर्षे आकाशात जळणाऱ्या धुळीच्या भरवशावर बांधला गेला, ही गोष्ट खरी आहे.

हे सर्व जाणणारा श्रोता आंधळेपणाने बसत नाही. तो आधी खालचे पाणी पाहतो. २७ मेगाहर्ट्झवर अमेरिकेत नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला पट्टा आहे. तेथे दूरदूरचे आवाज गलका करू लागले की दार उघडत आहे असे समजावे. मग ३० च्या पुढे, मग ३५, मग ४० असा तो चढत जातो. भरती जेथवर आली असेल तेथवरच आवाज मिळतात. तो जवळ वही ठेवतो. तीत दिवस, वेळ, कंप्रता, ऐकलेली गावांची वा रस्त्यांची नावे, आवाज स्थिर होता की वरखाली होत होता, याची नोंद करतो. जवळचे स्थानक दिवसचे दिवस एकाच जोराने येते; दूरचे स्थानक फुगते व ओसरते, आणि पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ त्याच दिशेची आणखी दोन-चार स्थानके येतात. एक उन्हाळा वही लिहिली की तिच्यातून आकाशाचे वेळापत्रक दिसू लागते. ऐकण्याच्या छंदाला विद्येचे रूप येते ते येथेच.

परंतु श्रोत्याचा लाभ हा बोलणाऱ्याचा तोटा असू शकतो, हे विसरून चालणार नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात. येथे दूरचा आवाज साजरा, पण जवळच्या घरात तो विघ्न होऊन येतो. एफ.एम. पद्धतीचा एक गुण असा की, एकाच स्थानी दोन लहरी आल्या तर बलवान लहर दुबळीला पार दडपून टाकते. दोन्ही मिसळून ऐकू येत नाहीत. आता डोंगराआडच्या मोटारीतून एक गस्तवाला आपल्या ठाण्याला हाक मारतो आहे असे समजावे. त्याची लहर क्षीण आहे. त्याच क्षणी तुरळक ई-थराने दोन हजार किलोमीटरांवरील एक जोरकस ठाणे त्याच्या ठाण्याच्या एरियलवर आणून सोडले. ठाण्यावरील माणसाला तो परका आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि आपल्या माणसाची हाक कानावर पडतच नाही. हाक मोडक्या कुंपणाबद्दल असेल तर बिघडत नाही. ती जखमी माणसाबद्दल असेल, तर?

यावर एक उपाय योजला गेला. प्रत्येक यंत्रणेने आपल्या बोलण्याखाली एक बारीक, कानाला न जाणवणारा सूर अखंड सोडावयाचा, आणि तो सूर ओळखल्याखेरीज ग्राहकयंत्राने तोंड उघडावयाचे नाही. त्यामुळे परक्यांची बडबड ठाण्याला ऐकू येईनाशी झाली. पण रोग गेला नाही, फक्त ठणका थांबला. परकी लहर तेथे आहेच, ती जवळच्या दुबळ्या लहरीला दडपतेही आहे. मात्र आता ठाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या दोषामुळे, तसेच लांब काठ्या, इंजिनाचा व उपकरणांचा गोंगाट, आणि कमरेला लावण्याजोग्या छोट्या यंत्रांना हा पट्टा न मानवणे, या कारणांनी पुष्कळ पोलीस व अग्निशामक दले वरच्या कंप्रतांकडे आणि पुढे आकडी यंत्रणांकडे निघून गेली. २०१३ पासून अमेरिकेत वरच्या पट्ट्यांतील स्थाने अरुंद करण्याची सक्ती झाली. खालच्या पट्ट्याला ती लागू केली गेली नाही. त्यामुळे जे मागे राहिले ते बहुतांशी जुन्या, साध्या, उघड्या बोलीतच राहिले. स्कॅनरच्या श्रोत्याला हा पट्टा प्रिय आहे तो यामुळेच.

येथे एक प्रश्न सुज्ञ माणसाच्या मनात येईलच. दुसऱ्याचे बोलणे असे चोरून ऐकणे योग्य आहे काय? भिंतीला कान असतात हे खरे. पण भिंत ऐकलेले सांगत सुटत नाही. अमेरिकन कायद्याने साधारण हाच विवेक धरला आहे. १९३४ च्या दळणवळण कायद्याने परक्याचे बिनतारी बोलणे उघड करणे किंवा त्याचा स्वतःच्या फायद्यासाठी उपयोग करणे निषिद्ध ठरविले. १९८६ च्या कायद्याने खाजगी मोबाइल संभाषण ऐकण्यासही बंदी केली. मात्र पोलीस, अग्निशामक यांचे सर्वांना सहज ऐकू येईल असे उघडे बोलणे ऐकण्यास मुभा ठेवली. याच खालच्या पट्ट्यात, ४६ व ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास, एके काळी घरगुती बिनदोरीचे टेलिफोन चालत आणि शेजाऱ्यांचे संसार शेजाऱ्यांच्या कानी पडत. १९९४ साली त्या संभाषणांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले. काही राज्यांत मोटारीत स्कॅनर बाळगण्यावरही निर्बंध आहेत.

आपल्या देशात तर यंत्र विकत घेण्यापूर्वीच थांबावयास हवे. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास मनाई केली होती. १९३३ चा तो कायदा मागे सारण्यासाठी २०२३ साली दूरसंचार कायदा संमत झाला, आणि त्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यास सरकारी अनुमती हवी हे तत्त्व कायम आहे. म्हणून मुंबई-पुण्याच्या घरातील ज्या तरुणास या विद्येची गोडी लागेल, त्याने हौशी बिनतारीची सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा हाच राजमार्ग. परीक्षेसाठी केलेला अभ्यास वाया जात नाही. आयनांबर येथेही तेच आहे आणि सूर्यही तोच.

तरीही कायदा सर्व काही सांगत नाही. रस्त्यावरील अपघाताची वर्दी ज्याच्या कानी पडते त्याला कदाचित जखमी माणसाचे वय, गाव, दुखापत कळते. आणि त्या माणसाच्या घरी अजून कोणाला काही कळलेले नसते. अशा वेळी जो श्रोता वहीत कंप्रता व वेळ एवढेच लिहितो आणि बाकीचे मनातच ठेवतो, त्याला या छंदाचा मर्यादाधर्म समजला. ऐकणे हे त्याच्या यंत्राचे काम. न सांगणे हे त्याचे स्वतःचे.

कॅन्ससमधील त्या गृहस्थाने वहीत ओळ लिहून ठेवली आहे : सकाळचे अकरा, ४२ मेगाहर्ट्झ, कॅलिफोर्निया, आवाज वरखाली. कॅलिफोर्नियातील ठाण्याने उत्तर दिले की नाही, हा रकाना मात्र कोराच राहिला आहे. कारण उत्तर येण्याआधीच पापुद्रा विरला. बहुधा उत्तर मिळाले असेल. पण ज्याला त्या कोऱ्या रकान्याची थोडी रुखरुख लागते, तो दूरचा आवाज पकडल्याच्या आनंदातही हे विसरत नाही की, त्या आवाजाच्या टोकाला एक माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून मदतीची वाट पाहत होता.